परवान्याआधी गिधाडाचं रक्त

३१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही दोन वेदनाशामकं जनावरांसाठी बनवायला आणि विकायला बंदी केली. २०२४च्या डिसेंबरअखेर निमेसुलाइडचा नंबर लागला. डायक्लोफिनॅकवरची बंदी त्याआधीची, २००६ सालची. अठरा वर्षांत चार औषधं झाली, आणि चारही वेळा क्रम तोच राहिला. औषध आधी बाजारात येतं, मग गुराच्या अंगात जातं, मग गिधाडाच्या पोटात, त्यानंतर संशोधकाच्या टेबलावर आणि सगळ्यात शेवटी सरकारी फायलीत. हा क्रम उलटा करावा, अशी मागणी आहे. जनावरांच्या कुठल्याही वेदनाशामकाला परवाना देण्याआधी ते गिधाडाच्या शरीरात काय करतं हे तपासलेलं असावं आणि तपासणीचा खर्च औषध विकणाऱ्याने सोसावा. मुद्दे असे.

१. गिधाडं ‘कमी झाली’ असं आपण म्हणतो, ते फारच सौम्य आहे. १९९२ ते २००७ या काळात भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घसरली. हजारात एक उरलं. लांब चोचीचं आणि निमुळत्या चोचीचं गिधाड मिळून सुमारे ९७ टक्के गेले. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश हे पक्षी वर्षानुवर्षं मोजत होते. नव्वदच्या दशकात त्यांना झाडाखाली, फांदीला अडकलेली, घरट्यातच मरून पडलेली गिधाडं दिसू लागली. जिवंत होती तीही मान खाली टाकून तासन् तास बसून राहत. १९९९ साली त्यांनी हे छापून जगापुढे आणलं. संशय आधी कीटकनाशकांवर गेला, मग एखाद्या नव्या विषाणूवर. औषधाचं नाव कुणाच्याही तोंडी नव्हतं, कारण ज्या जनावरांना ते दिलं जात होतं ती ठणठणीत होत होती.

२. उत्तर सापडलं पाकिस्तानी पंजाबात. अमेरिकी पशुवैद्य लिंडसे ओक्स आणि त्यांचे पाकिस्तानी सहकारी मेलेल्या गिधाडांचं शवविच्छेदन करत होते. बहुतेक पक्ष्यांचं पोट उघडलं की आत एकच दृश्य दिसे. काळीज, यकृत आणि मूत्रपिंडांवर पांढरा थर, जणू कुणी आतून चुन्याचा हात मारला आहे. तो थर होता युरिक ॲसिडच्या स्फटिकांचा. म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाली होती. पण कशामुळे? जंतू, विषाणू, जड धातू, कीटकनाशकं, सगळं तपासून झालं आणि हाताला काही लागलं नाही. मग त्यांनी प्रयोगशाळेबाहेर पडून एक साधं काम केलं. गिधाडं खातात काय, तर मेलेली गुरं. त्या गुरांना मरण्याआधी काय दिलं जातं? ते पशुवैद्यांकडे आणि औषधांच्या दुकानांत विचारत फिरले. मूत्रपिंडाला बाधू शकेल, तोंडावाटे पोटात गेलं तरी रक्तात उतरेल आणि गुरांना सर्रास दिलं जातं, अशा वर्णनात एकच औषध बसलं: डायक्लोफिनॅक. त्यानंतर ऊती तपासल्या. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांपैकी पंचवीसच्या पंचवीस पक्ष्यांत ते सापडलं. दुसऱ्या कारणाने मेलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकाही पक्ष्यात नाही. शेवटी डायक्लोफिनॅक टोचलेल्या म्हशी-बकऱ्यांचं मांस पिंजऱ्यातल्या, रानात परत सोडता न येणाऱ्या गिधाडांना खाऊ घातलं. त्यांतली बरीच तशीच मेली, आणि आत तोच पांढरा थर. हे संशोधन २००४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. औषधाच्या दुकानात जाऊन विचारपूस करणं ही या सगळ्या शोधातली सर्वांत स्वस्त पायरी होती, आणि ती दहा वर्षं कुणी चढलं नव्हतं.

३. आता शरीरातली रसायनं पाहू, कारण सगळा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे. प्रथिनं पचली की नायट्रोजन उरतो आणि तो शरीराबाहेर टाकावा लागतो. माणूस, गाय, म्हैस हे काम युरियाच्या रूपात करतात. युरिया पाण्यात सहज विरघळतो आणि लघवीवाटे निघून जातो. पक्षी पाणी वाचवतात. ते नायट्रोजन युरिक ॲसिडच्या रूपात काढतात आणि ते पाण्यात जेमतेम विरघळतं. त्यामुळे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांना ते रक्तातून सतत उपसून बाहेर टाकावं लागतं. डायक्लोफिनॅक या उपशावरच घाला घालतं. उपसा थांबला की काही तासांतच रक्तातलं युरिक ॲसिड चढू लागतं, दुसऱ्या दिवशी ते कित्येक पटींवर जातं, मग अवयवांवर साचतं आणि साधारण दोन दिवसांत पक्षी मरतो. आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा अंगठा सुजला की घरात ‘युरिक ॲसिड वाढलंय’ म्हणतात. गिधाडाला तेच होतं, फक्त सांध्याऐवजी काळजावर, आणि वर्षांऐवजी दोन दिवसांत.

गंमत अशी की सगळ्या पक्ष्यांना हे होत नाही. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी निम्मी मरतील असा डोस काढला, तर तो वजनाच्या किलोमागे साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम भरतो. कोंबडीसाठी तोच आकडा १० मिलिग्रॅमच्या आसपास जातो. अमेरिकेतलं टर्की गिधाड दिसायला आपल्या गिधाडाच्या नात्यातलं वाटतं, खातंही तेच, पण किलोमागे २५ मिलिग्रॅम देऊनही त्याला काही झालं नाही. म्हणून गाय सुरक्षित, माणूस सुरक्षित, कोंबडीही बऱ्यापैकी सुरक्षित, तेव्हा गिधाडही सुरक्षित असणार, हा तर्क टिकत नाही. औषध शरीरात काय करेल हे प्राण्याच्या जातीवर ठरतं. अंदाज बांधायला इथे जागाच नाही, तपासावंच लागतं, आणि तेही योग्य प्राण्यावर.

४. ‘औषध दिलेली गुरं मरतात किती, आणि त्यांतली गिधाडांच्या वाट्याला येतात किती?’ हा प्रश्न औषध व्यवसायातून येतो आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर गणिताने दिलं आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू साधारण पाचव्या वर्षी वयात येतं. म्हणजे या पक्ष्याची बचत जवळपास शून्य. उलट एका मेलेल्या बैलावर पन्नास-साठ गिधाडं उतरतात आणि तासाभरात सांगाडा उरतो. एका विषारी मढ्याने अख्खा थवा जातो. संशोधकांनी आकडेमोड केली तेव्हा दिसलं की शंभरात एकाहूनही कमी मढ्यांत मारक प्रमाणात डायक्लोफिनॅक असलं, तरी गिधाडांची जी घसरण प्रत्यक्षात दिसली ती घडून येऊ शकते. आणि प्रत्यक्षात किती होतं? २००४-०५ मध्ये भारतात ठिकठिकाणच्या मेलेल्या गुरांच्या यकृताचे १,८०० हून अधिक नमुने तपासले. सुमारे १० टक्क्यांत डायक्लोफिनॅक निघालं.

यात आपल्या गावगाड्याचाही भाग आहे. युरोपात मेलेलं जनावर बहुधा कारखान्यात जातं. आपल्याकडे ते गावाबाहेरच्या माळावर, ओढ्याच्या काठी टाकलं जातं, आणि मरण्याआधी शेवटचे दोन-तीन दिवस घरधन्याने जीव तोडून उपचार केलेले असतात. लंगडणाऱ्या बैलाला, दगडी झालेल्या गाईला डॉक्टर वेदनाशामकाची सुई देतोच. ती द्यायलाच हवी. शेतकऱ्याचा किंवा गुरांच्या डॉक्टरचा यात काडीचा दोष नाही. बाटलीवर गिधाडाबद्दल कुणी अक्षर लिहिलेलं नव्हतं.

५. तपासणी शक्य नाही, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला मेलॉक्सिकॅमची हकिगत सांगावी. डायक्लोफिनॅकला पर्याय शोधताना संशोधकांनी आधी एकाही पक्ष्याला सुई टोचली नाही. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांना आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना पत्रं लिहून विचारलं, तुम्ही तुमच्याकडच्या शिकारी आणि मृतभक्षक पक्ष्यांना कुठली वेदनाशामकं दिलीत आणि पुढे काय झालं? जुन्या नोंदी जमा झाल्या. त्यात मेलॉक्सिकॅम ६० जातींच्या ७०० हून जास्त पक्ष्यांना दिलेलं आढळलं आणि त्याने एकही मेला नव्हता. एवढी खात्री झाल्यावर दक्षिण आफ्रिकेत, तिथल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवर, लहान डोसापासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने चाचण्या झाल्या. प्रत्येक टप्प्यावर ठरावीक तासांनी रक्त काढायचं, युरिक ॲसिड मोजायचं आणि ते चढत नाही असं दिसलं तरच पुढचा टप्पा गाठायचा. शेवटी हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात आपल्या गिधाडांवर मोजक्या चाचण्या झाल्या. निष्कर्ष २००६च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मे महिन्यात भारताच्या औषध महानियंत्रकांनी गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचं उत्पादन थांबवण्याचे आदेश दिले. नेपाळ आणि पाकिस्तानही त्याच वर्षी त्याच वाटेने गेले. म्हणजे पर्याय हातात असला की सरकार पटकन हलतं. टोल्फेनॅमिक ॲसिड हे दुसरं औषध नंतर अशाच चाचण्यांतून सुरक्षित ठरलं. गुरांच्या डॉक्टरच्या पेटीत आज निश्चिंत मनाने ठेवावीत अशी ही दोन.

६. ॲसिक्लोफिनॅकचं प्रकरण मला सगळ्यांत जास्त खुपतं. तिथे गिधाडाला हात लावायचीही गरज नव्हती. त्याची रचना डायक्लोफिनॅकच्या इतकी जवळची आहे की शरीरात त्याचं काय होतं हा प्रश्न रसायनशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला सुचावा. बरेलीजवळ इज्जतनगरला भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे. तिथे गुरांना ॲसिक्लोफिनॅक देऊन ठरावीक वेळाने रक्ताचे नमुने घेतले, तेव्हा दिसलं की गुराच्या शरीरात त्याचं झपाट्याने डायक्लोफिनॅक होतं. म्हणजे २००६ साली पुढच्या दाराने हाकललेलं विष मागच्या दाराने आत आलं होतं, आणि तेही रीतसर परवाना घेऊन. हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. एक गाय आणि रक्ताच्या काही नळ्या एवढ्यावर जे कळलं, ते परवाना देतानाच का मागितलं गेलं नाही? उत्तर सरळ आहे. मागायची अटच नव्हती. औषध गाईला मानवतं का, दुधात आणि मांसात त्याचा अंश किती दिवस राहतो, एवढं पाहायचं असतं. ते मांस माणसाशिवाय आणखी कोण खातं, हा प्रश्न अर्जाच्या कागदात कुठेच नव्हता.

७. उशीर मोजून पाहा. डायक्लोफिनॅकचं सत्य २००४ साली कळलं, बंदी २००६ साली आली. दोन वर्षं. किटोप्रोफेनमुळे गिधाडं मरतात हे दक्षिण आफ्रिकेतल्या चाचण्यांनी २००९ साली दाखवलं, बंदी २०२३ साली. चौदा वर्षं. ॲसिक्लोफिनॅकला सात. बांगलादेशाने किटोप्रोफेन २०२१ मध्येच बंद केलं होतं. आपल्याकडे या बंदीसाठी लोकांना दिल्ली उच्च न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले. पहिल्या वेळी गोंधळ होता, तरी काम चपळाईने झालं. पुढे अनुभव गाठीशी असूनही संथ झालं.

८. बंदीचा कागद म्हणजे बंदी नव्हे, हेही मान्य केलं पाहिजे. २००६ नंतर गुरांचं डायक्लोफिनॅक बाजारातून गेलं, पण माणसांचं राहिलं, आणि ते ३० मिलिलिटरच्या बाटल्यांत मिळत होतं. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरतं. एवढी बाटली कुणासाठी होती हे दुकानदाराला, डॉक्टरला आणि कंपनीला पक्कं ठाऊक होतं. बंदीनंतर कित्येक दुकानांत गुरासाठी म्हणून डायक्लोफिनॅक मागितलं तर काउंटरवरून मुकाट्याने पुढे सरकवलं जात होतं. शेवटी २०१५च्या जुलैमध्ये माणसांसाठीचं इंजेक्शन फक्त ३ मिलिलिटरच्या एका डोसाच्या कुपीतच विकावं, असा नियम झाला. औषध कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने २०१७ साली नियम कायम ठेवला. तीन-चारशे किलोच्या बैलासाठी त्या इवल्या कुप्या एकामागून एक फोडत बसणं परवडत नाही. कुपीचा आकार बदलल्याने जे साधलं ते कित्येक परिपत्रकांनी साधलं नव्हतं. परवान्याच्या पातळीवर केलेली छोटी दुरुस्तीही किती दूर पोचते, याचा यापेक्षा चांगला दाखला माझ्याकडे नाही.

९. ‘गिधाडं गेली तर गेली, माणसांचं काय?’ माणसांचंच सांगतो. गिधाडं गेली आणि माळावरची मढी कुजत राहिली. त्यांवर कुत्री पोसली गेली, उंदीर वाढले, पाणी बिघडलं. अनंत सुदर्शन आणि इयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी भरपूर गिधाडं असलेले जिल्हे आणि आधीपासूनच फारशी नसलेले जिल्हे यांची तुलना केली. गिधाडं कोसळल्यावर पहिल्या गटातल्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्युदर ४ टक्क्यांहून अधिक वाढल्याचं त्यांना दिसलं. २००० ते २००५ या काळात दर वर्षी सुमारे एक लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज आहे. हा अभ्यास २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आला. अर्थशास्त्रातल्या अंदाजांवर वाद होऊ शकतो आणि व्हावा. पण आकडा निम्मा धरला तरी त्यापुढे कुठल्या कंपनीच्या चाचणीचा खर्च मोठा ठरेल? मुंबईच्या पारशी समाजाला तर हिशेबाचीही गरज पडली नाही. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत गिधाडं येईनाशी झाली आणि शतकानुशतकांचा अंत्यविधी अडचणीत आला. शेवटी तिथे सूर्याची उष्णता एकवटणाऱ्या आरशांची सोय करावी लागली.

१०. प्राण्यांवर चाचण्या करणं क्रूर आहे, हा आक्षेप मी बाजूला सारणार नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. त्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे, आणि गिधाडं तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. देखरेख कडक असायलाच हवी. मार्च २०२३ मध्ये केंद्राने नव्या औषधांच्या नियमांत बदल करून पेशी आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊतींवरच्या चाचण्यांना वाट करून दिली, हेही योग्य झालं. आधी पेशींवर पाहा, मग जुन्या नोंदी धुंडाळा, मग लागलंच तर मोजक्या पक्ष्यांवर, लहान डोसापासून, आणि युरिक ॲसिड चढताना दिसलं की तिथेच थांबा. मेलॉक्सिकॅमच्या वेळी जवळपास हेच झालं.

पण आक्षेप घेणाऱ्यांनी एका गोष्टीकडे डोळेझाक करू नये. चाचणी टाळली म्हणून ती होत नाही असं नाही. ती उघड्या माळावर होते, लाखो पक्ष्यांवर, मोजमाप न ठेवता, कुणाची परवानगी न घेता. नव्वदच्या दशकात डायक्लोफिनॅकची चाचणी अशीच झाली. तिचा निकाल यायला दहा वर्षं लागली आणि तोवर प्रयोगातले प्राणी संपले होते.

११. कंपन्यांचं म्हणणं असं की पशुवैद्यकीय औषधांची बाजारपेठ लहान आहे, चाचण्यांचा बोजा पडला तर नवी औषधं येणारच नाहीत. यात तथ्य आहे. म्हणून अट सरसकट सगळ्या औषधांना लावू नये. जी औषधं गुरांना मरणाच्या जवळ असताना दिली जातात आणि ज्यांचं घराणं मूत्रपिंडाशी खेळतं, म्हणजे स्टेरॉइड नसलेली वेदनाशामकं, त्यांच्यापुरती ती असावी. अशी औषधं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. चाचणी एका मूळ औषधासाठी एकदाच होईल, तेच औषध बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला ती पुन्हा करावी लागणार नाही. खर्च त्या औषधाच्या परवानाधारकांत वाटून घेता येईल. स्पेनने उलटा मार्ग धरला. आशियातली सगळी कहाणी समोर असताना २०१३ साली तिथे गुरांसाठी डायक्लोफिनॅकला परवानगी मिळाली. २०२० मध्ये कॅटलोनियातल्या डोंगरात काळ्या गिधाडाचं एक पिल्लू मेलेलं सापडलं. तपासणीत डायक्लोफिनॅक. फ्लुनिक्सिन हे आणखी एक वेदनाशामकही त्याच देशात एका मेलेल्या गिधाडात, तशाच साचलेल्या युरिक ॲसिडसोबत, सापडून झालं आहे.

१२. आणि ही अट फक्त बंदीच्या बाजूने झुकते असंही समजू नये. ऑक्सिटोसिनचं उदाहरण घ्या. वासरू मेलं किंवा म्हैस पान्हा चोरायला लागली की तबेल्यात या हार्मोनची सुई देतात आणि काही मिनिटांत धार सुरू होते. या सुईने दूध विषारी होतं, मुली लवकर वयात येतात, अशा गोष्टी वर्षानुवर्षं घरोघर सांगितल्या गेल्या. २०१८ साली केंद्राने खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायला मनाई केली आणि सगळं काम एका सरकारी कंपनीकडे दिलं. वास्तविक हेच औषध बाळंतपणात रक्तस्राव थांबवून बायकांचे प्राण वाचवतं. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो आदेश रद्द ठरवला, कारण त्यामागे वैज्ञानिक आधार दिसला नाही. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. जनावराला रोज सुई टोचून पान्हा काढणं वाईटच, ते क्रूरता म्हणूनच थांबवावं. पण अफवेवर बंदी आणि पुराव्याविना परवाना, या दोन्हींचं मूळ एकच आहे: शरीरात नेमकं काय घडतं ते मोजून न पाहणं.

१३. महाराष्ट्राने काय करावं? परवान्याची अट केंद्राच्या नियमांत यावी लागेल, कारण औषधांना मान्यता देणारी यंत्रणा दिल्लीत आहे. केंद्राच्या २०२०-२५ च्या गिधाड संवर्धन आराखड्यातच म्हटलं आहे की गिधाडांना घातक ठरलेलं औषध पशुवैद्यकातून आपोआप बाद व्हावं, अशी व्यवस्था हवी. ‘ठरलेलं’ या शब्दाच्या आधी ‘परवाना देतानाच तपासलेलं’ एवढी भर घालावी लागेल, आणि ती राज्यांनी मागितल्याशिवाय पडणार नाही.

पण राज्याच्या हातातही बरंच आहे. पशुसंवर्धन विभागाने दवाखान्यांसाठी वेदनाशामक घेताना मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड एवढीच घ्यावीत. देशी गाईंसाठी गोशाळांना दिवसाला गाईमागे ५० रुपये देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४च्या सप्टेंबरमध्ये घेतला. २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने म्हातारी, भाकड, लंगडी जनावरं शेवटच्या श्वासापर्यंत गोठ्यात आणि गोशाळांत राहणार. म्हणजे सर्वांत जास्त वेदनाशामक जिथे वापरलं जाईल अशी ही जागा. अनुदानाच्या अटींत औषधाचं एक वाक्य घालायला खर्च शून्य आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने दर वर्षी काही जिल्ह्यांतल्या मेलेल्या गुरांच्या यकृताचे नमुने तपासून आकडे जाहीर करावेत. अन्न व औषध प्रशासनाने तालुक्याच्या गावातल्या दुकानांत साध्या ग्राहकासारखं जाऊन पाहावं.

रायगडात म्हसळ्याच्या बाजूला चिरगावला, नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर आणि गडचिरोलीत लोकांनी आणि वन खात्याने मिळून गिधाडं टिकवून धरली आहेत. काही ठिकाणी गिधाडांसाठी खात्रीचं मांस ठेवण्याच्या राखीव जागाही केल्या आहेत. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण गिधाड त्या जागेला बांधलेलं नसतं. २०२४च्या जानेवारीत पिंजोरच्या केंद्रात वाढलेली वीस गिधाडं ताडोबा आणि पेंचमध्ये आणली. त्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवून त्यांना पुढे रानात सोडलं. त्यांतली काही मेली. एक मात्र ताडोब्याहून निघालं आणि चार राज्यं ओलांडून तामिळनाडूत पोचलं. वाटेत ते किती तालुक्यांतल्या माळांवर उतरलं असेल, आणि त्या प्रत्येक तालुक्यातल्या गुरांच्या डॉक्टरच्या पेटीत कोणती बाटली होती, हे त्याला सोडणाऱ्या कुणाच्याच हातात नव्हतं. ते ठरतं परवाना देणाऱ्या टेबलावर, औषधाच्या पहिल्या अर्जाच्या वेळी.